मार्डीकरमामांनी जमवलेली झाडं

मार्डीकरमामांना कुणी नवा माणूस भेटला, की ते आधी त्याचं गाव विचारतात, मग आजोळ, आणि मग घरात लग्नाचं कोण आहे ते. पुढचं विचारायची वेळ सहसा येत नाही, कारण तोवर मामांच्या डोक्यात एखादं स्थळ येऊन मांडी ठोकून बसलेलं असतं. समोरचा माणूस फक्त बँकेत पासबुक भरायला आलेला असतो. तो घरी जातो ते पुतणीसाठी एक मुलगा घेऊनच.

नाव गंगाधर. पण या नावानं त्यांना हाक मारणारी माणसं आता राहिली नाहीत. मुलींच्या एका शाळेच्या कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. नव्या पेठेत एका कापडदुकानाच्या डोक्यावर त्यांची खोली. खिडकी उघडली की खालच्या दुकानाच्या पाटीची पाठ दिसते, म्हणजे गंजका पत्रा आणि त्यावर घरटं करायचं का नाही याचा वर्षानुवर्षं विचार करणारी कबुतरं. खाली दिवसभर रिक्षांचे हॉर्न आणि साड्यांची घासाघीस. या खोलीत बसून मामांनी अर्ध्या सोलापूरची लग्नं जमवली, आणि त्याचा मोबदला म्हणून कुणाकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

त्यांचं स्वतःचं मात्र जमलं नाही. पत्रिकेत मंगळ, आणि तोही कडक. आईनं पत्रिका जिथं जिथं धाडली तिथून ती पोस्टातल्या न पोचलेल्या पाकिटासारखी परत आली. पुढं आई गेली, वय गेलं आणि विषय संपला. मामा हसून सांगत, "माझ्या मंगळानं सोलापुरातल्या कितीतरी मुलींचं कल्याण केलंय बघा." ऐकणारे हसत. मामाही हसत, पण हसताना उपरण्यानं चष्मा पुसायला घेत.

स्थळ दाखवण्याची त्यांची एक रीत होती आणि त्या रीतीवर ते हटून असत. खोट आधी सांगायची, गुण नंतर. "मुलगा सोन्यासारखा आहे" असं बाकीचे मध्यस्थ सुरू करत. मामा सुरू करत, "मुलगा घोरतो. भिंतीवरचं कॅलेंडर हलतं." मुलीचा बाप आधी दचकायचा, मग हसायचा, आणि जो माणूस घोरणं लपवत नाही तो दुसरं काय लपवणार, असा विचार करून हो म्हणायचा. मामांचं म्हणणं, झाकलेली खोट हळदीच्या डागासारखी असते, धुतली की जास्त दिसते.

अशा या माणसाला म्हातारपणी घर मिळायचा योग आला. तुळजापूर रस्त्यानं गावाबाहेर पडलं, की डाव्या हाताला एक मुरमाड टेकडी लागते. तिचा उतार एका गृहनिर्माण संस्थेनं घेतला. संस्थेत शिक्षक, कारकून, देवळातले पुजारी, गावाकडची शेती भावाला करायला देऊन शहरात नोकरीला आलेले, असे सगळे. त्यातली निम्मी जोडपी मामांनीच जमवलेली, म्हणून मामांना सभासद करून घेतलं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि मामांच्या वाट्याला आला टेकडीवरचा सगळ्यात देखणा प्लॉट. पूर्वेकडं तोंड, आणि मधोमध जुना, भरदार कडुलिंब.

मामा त्या लिंबाच्या प्रेमात पडले. दुसरा शब्द नाही त्याला. दर आठवड्याला रिक्षा करून टेकडीवर जायचे, खालच्या फांदीला पिशवी अडकवायचे आणि बुंध्याला पाठ लावून बसायचे. बाज कुठं टाकायची, सकाळचा चहा कुठल्या बाजूला बसून घ्यायचा, सगळं ठरलं होतं. आयुष्यभर पत्र्याची पाठ बघितलेल्या माणसाला खिडकीतून पानं दिसणार होती. रिक्षावाल्यालासुद्धा त्यांनी तो लिंब नात्यातल्या माणसासारखा दाखवला होता.

माघात मारुतीच्या देवळात संस्थेची सभा झाली. अध्यक्ष आबासाहेब, मूळचे माळशिरसकडचे, आवाज असा की माईक लाजून बंद पडावा. ते म्हणाले, "ह्यो उतार, ह्यी झाडं, न्हाय त्ये लचांड! टेकडी एकदा ताटासारखी सपाट करू. सरळ रांगा, सारखी घरं. भांडान न्हाय, तंटा न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा चेतना उभी राहिली. ही संस्थेची आर्किटेक्ट, सोलापूरचीच मुलगी, बोलायला सौम्य पण बसवलं तरी न बसणारी. तिनं दुसरा नकाशा भिंतीला लावला. "घरं रांगेत न बसवता उताराच्या कलानं बसवली, कुठं थोडी तिरकी केली, कुठं वर सरकवली, तर एकही मोठं झाड तोडावं लागत नाही. या मुरमाला मुळांनीच धरून ठेवलंय. टेकडी कापली तर पावसाळ्यात वरच्यांचं अंगण खालच्यांच्या स्वयंपाकघरात येईल. फक्त प्रत्येकानं आपल्या प्लॉटमधल्या झाडाला हो म्हणायला पाहिजे."

"झाडाला हो कसं म्हनायचं?" आबासाहेबांनी विचारलं.

मागून मामा म्हणाले, "बायकोला म्हणाला होता तसंच की! तेव्हा तर तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं."

देऊळ हसलं. आबासाहेबांचं लग्न मामांनीच जमवलेलं, त्यामुळं त्यांना चिडायचीही सोय नव्हती. पण अध्यक्ष ते अध्यक्षच. त्यांनी टेबलावर हात आपटला. "ठीक हाय. येत्या रविवारी समद्यांनी टेकडीवर या. समद्यांनी हो म्हटलं तर तुमची झाडं ऱ्हायली. अदलाबदल करायची तर करा. पर येकानं जरी न्हाय म्हटलं, तर सोमवारी जेसीबी. मग तुमचा लिंब बी जाईल, मामा."

आयुष्यात मामांनी इतकी लग्नं जमवली, पण एका दिवसात, एका टेकडीवर, सगळीच्या सगळी जमवायची, आणि एक मोडलं तर सगळी मोडणार, असा प्रसंग कधी आला नव्हता. घरी जाताना त्यांनी चेतनाला विचारलं, "मुलगी बघायचा कार्यक्रम करतात तसा झाड बघायचा केला तर?" चेतना म्हणाली, "करा की! मी चुन्याच्या फक्कीनं घरं आखून ठेवते."

रविवारी सकाळी टेकडीवर पांढऱ्या फक्कीच्या रेघांनी घरं उभी होती, म्हणजे आडवी होती. इथं स्वयंपाकघर, इथं देवघर, इथं दार. माणसं फक्कीच्या दारातूनच आत जात होती, आणि एकमेकांच्या घरात शिरताना चपला काढत होती. मामांनी पोह्यांना फाटा दिला होता. टेकडीवर पोहे नेईपर्यंत गार होऊन त्यांचं चामडं होतं. त्याऐवजी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. "बघायच्या कार्यक्रमाला कडक भाकरी बरी," ते म्हणाले, "दात कुणाचे खरे ते लगेच कळतं."

पहिलं घर शकुंतलाबाईंचं. निवृत्त शिक्षिका, स्वच्छतेचं वेड एवढं की आखलेल्या अंगणातला मुरूमसुद्धा त्यांनी झाडून घेतला होता. त्यांच्या वाट्याला बेलाचं झाड आलेलं. मामांनी रीतीप्रमाणं खोट सांगितली, "काटे आहेत आणि पाचोळा फार." बाई म्हणाल्या, "मग नको. जन्मभर मुलांच्या मागे झाडू घेऊन फिरले, आता झाडाच्या मागे फिरू काय?"

मामांनी वाद घातला नाही. मुलीनं नाही म्हटलं तर मामा तिच्या आईबापाशी कधी वाद घालत नसत, मनातल्या मनात दुसरं स्थळ शोधत. शेजारचा उघडा, दगडी प्लॉट अमरेशस्वामींचा होता. स्वामी अक्कलकोटकडचे, एका महादेवाच्या देवळात पुजारी. रोज पहाटे सायकलवरून बेलाची पानं शोधत फिरणारा माणूस, आणि चिठ्ठीत मिळालं काय, तर उघडा खडक. मामा त्यांना हाताला धरून बेलाखाली घेऊन आले. "खोट सांगतो. काटे आहेत आणि पाचोळा फार." स्वामींनी वर बघितलं, हात जोडले, आणि आनंद झाला की ते कन्नडवर जात तसे गेले, "हौदु, हौदु!" म्हणजे हो, हो. शकुंतलाबाईंना खडक मिळाला. एकही पान नाही. त्यांनी तो तिथल्या तिथं झाडून घेतला.

मग आबासाहेब. त्यांच्या प्लॉटच्या कडेला बोरीचं झाड. मामा म्हणाले, "खोट सांगतो, आबासाहेब. बाहेरून टोचते. म्हणजे तुमच्याच घराण्यातली." आबासाहेबांनी डोळे वटारले. मामांनी वाकून एक पिकलं बोर उचललं, उपरण्याला पुसलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. आबासाहेबांनी नाइलाजानं तोंडात टाकलं. बराच वेळ बी तोंडात घोळवली. "शाळंत जाताना शेजारच्या बांधावरची बोरं चोरायचो," ते म्हणाले, "असलीच व्हती." आणि चेतनाकडं वळून खेकसले, "बघतीस काय? माझी भिंत सरकीव की अलीकडं!" चेतनानं चपलेनं जुनी फक्की पुसली आणि नवी ओढली. घर बसल्या जागी हललं.

असं एकेक जमत गेलं. करंज, आपटा, हिवर. कुणाचा जिना वळला, कुणाची गाडी उभी करायची जागा मागं गेली. दुपार कलू लागली तेव्हा एकच झाड राहिलं होतं. उताराच्या वळणावरची चिंच.

चिंच वयानं सगळ्यात मोठी, एका अंगाला वाकलेली, आणि प्लॉटच्या नेमकी मधोमध. प्लॉट आदिनाथ आणि रेश्माचा, मोडनिंबचं तरुण जोडपं. हेही मामांनीच जमवलेलं. त्यांचं काही म्हणणं नव्हतं. रेश्मा तर खाली पडलेली गाभुळलेली चिंच मिठाला लावून खात बसली होती. पण आदिनाथची आई बजाबाई फक्कीच्या उंबऱ्यातच उभी होती. आत पाऊल टाकायला तयार नव्हती.

"मामा, तुमी बोलाय लागायच्या आधी सांगते. चिंचंखाली माझी नातवंडं न्हाय खेळायची. समद्यांस्नी ठावं हाय, चिंचंवर काय असतंय ते."

"काय असतं?" मामांनी विचारलं.

"नाव न्हाय घेनार. तिन्हीसांजंला नाव घेऊ न्हाय."

"अहो, अजून ऊन आहे की."

"मग तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाय म्हनं. शपतंवर सांगा, ह्या चिंचंवर कुनी न्हाय म्हनून."

सगळे मामांकडं बघू लागले. आबासाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, सांगून टाका. एवढंसं वाक्य होतं. दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं आणि भाकरीचा तुकडा मोडला असता. पण चाळीस वर्षांत मामांनी न बघितलेल्या गोष्टीची हमी कधी दिली नव्हती, अगदी मुलाच्या पगाराचीसुद्धा.

"मी कधी बघितलं नाही," ते म्हणाले. "पण नाही असं शपथेवर कसं सांगू?"

"मग माझं न्हाय," बजाबाई म्हणाली, आणि विषय संपला.

अदलाबदल करायला आता कुणी उरलं नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या झाडाखाली पिशवी टेकवली होती, आणि झाड एकदा पसंत केल्यावर त्या वाकड्या, बदनाम चिंचेसाठी ते कोण सोडणार? आबासाहेबांनी खिशातून मोबाईल काढला. त्यांनाही ते बरं वाटत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बोराची बी अजून तोंडात होती. पण बोललेला शब्द होता, आणि जेसीबीवाल्याला कळवायचं होतं.

बजाबाई परत निघाली होती. वाटेत मामांच्या लिंबाखाली ती थांबली. वर बघितलं, बुंध्याला हात लावून तो कपाळाला लावला. "देवीचं झाड हाय ह्ये. ह्यो कुनाचा लिंब? असलं झाड असतं, तर उद्याच पाटा-वरवंटा आनून ठिवला असता बगा."

मामांनी ते ऐकलं. ऐकू आलं नाही असं दाखवायची फार इच्छा झाली, आणि क्षणभर त्यांनी तसं केलंही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. फांदीला त्यांची पिशवी लटकत होती. बाजेची जागा ठरली होती. चहाची बाजू ठरली होती. आपल्यालाच का, असं त्यांना वाटलं, आणि ते वाटणं अगदी खरं आणि कडू होतं. मग ते लिंबाखाली गेले, पिशवी फांदीवरून काढून खांद्याला लावली आणि म्हणाले, "बजाबाई, खोट सांगतो. फाल्गुनात पानं गाळतो, आणि पुढं निंबोळ्या अंगणभर पडतात, त्यावर पाय घसरतो. बाकी घराणं उत्तम. तुम्ही हा घ्या. चिंच मी घेतो."

चेतनाच्या हातातली फक्कीची पाटी तशीच राहिली. आबासाहेबांनी मोबाईल खिशात घातला.

पहिल्यांदा हलली ती बजाबाईच. तिनं पदर खोचला, चिंचेपासून चार हात लांब, पण चिंचेसमोर, एक पोतं अंथरलं आणि मामांना त्यावर बसवलं. भाकरी, चटणी आणि दही पुढं ठेवलं. रेश्माला आणि आदिनाथला हाताला धरून चिंचेकडच्या बाजूला उभं केलं. "आता आमी मुलीकडची," ती म्हणाली. "तुमी मुलाकडचे. रीत तुमचीच. खोट आधी सांगते."

लोक गोळा झाले. शकुंतलाबाईंनी झाडू खाली ठेवला.

"पोरगी वयानं थोर हाय," बजाबाई म्हणाली. "रंगानं सावळी. पाठीत वाकल्याली. तोंडानं आंबट. लोक तिच्याविषयी वंगाळ बोलत्यात, म्हनून आजवर कुनी पसंत केली न्हाय." ती थांबली आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "आन मामा, झाकत न्हाय. तिला मंगळ हाय. कडक."

मामांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"मलाही आहे," ते म्हणाले.

"मग जमतंय की!" अमरेशस्वामी ओरडले. "मंगळाला मंगळ, दोष कटला!" सगळी टेकडी हसली. आबासाहेब तर एवढे हसले, की बोराची बी गिळून बसले. मामाही हसत होते, पण चष्मा पुसायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, आणि या वेळी सगळ्यांना त्यांचे डोळे दिसले.

"आवं, हसता काय? पोरगी पसंत हाय का ते बोला," बजाबाई म्हणाली.

मामा तरण्या मुलांना नेहमी दटावत, उत्तराला वेळ लावू नका, समोरच्या माणसाचा जीव टांगणीला लागतो. आज त्यांनीच वेळ लावला. वर बघितलं. वाकडी फांदी त्यांच्या डोक्यावरून पुढं आली होती, खाली उन्हाची बारीक जाळी पडली होती आणि शेंगा वाऱ्यानं वाजत होत्या. पसंत आहे, असं ते इतक्या हळू म्हणाले, की आबासाहेबांनी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

चेतनानं चिंचेभोवतीची मोठ्या घराची फक्की पुसली आणि नवी ओढली. कोपरात दुमडलेल्या हातासारखं, बुंध्याला कुशीत घेणारं छोटं घर. "दोनच खोल्या बसतात, मामा," ती जरा ओशाळून म्हणाली. मामा म्हणाले, एकट्या माणसाला दोन खोल्या म्हणजे चैन आहे.

आता घरं उभी राहिली आहेत. टेकडी कापली गेली नाही, आणि खालून बघितलं तर आधी झाडं दिसतात, मग त्यांच्यामधून भिंती. मामांच्या खिडकीतून समोर बजाबाईचा लिंब दिसतो. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं, तर "वाटतं की" म्हणून ते सरळ सांगतात. बजाबाईची नातवंडं लिंबाखाली खेळत नाहीत. ती दिवसभर मामांच्या चिंचेवर असतात. बजाबाई लांबून हाका मारते, मग चिडून न्यायला येते, आणि येताना मूठभर मीठ घेऊन येते.

लग्नं जमवणं मामांनी सोडलेलं नाही. फक्त एक बदल झाला आहे. पूर्वी बघायचा कार्यक्रम संपला, तरी मामा चहावर चहा घेत बसून राहायचे. नव्या पेठेतल्या खोलीकडं परतायची त्यांना कधी घाई नसायची. आता दिवस कलला, चिंचेची पानं मिटायची वेळ झाली, की ते चपला शोधू लागतात. यजमान म्हणतात, मामा, बसा की थोडं.

"नाही, निघतो," मामा म्हणतात. "घरी वाट बघत असतील."

कोण, असं त्यांना कुणी विचारत नाही. कुणीतरी उठून त्यांच्यासाठी रिक्षा बोलावतं.